उंबऱ्याबाहेरचे सर

आमच्या सरांना कापड दिसलं की बोटं लावल्याशिवाय राहवायचं नाही. मग ते कापड कुणाचं, कुणाच्या अंगावर, काही बघायचे नाहीत. एकदा निपाणीहून बसनं येताना पुढच्या सीटवर एक गृहस्थ नवा सदरा घालून बसलेले. सरांनी मागून त्यांची कॉलर हळूच चिमटीत धरली. ते गृहस्थ उसळून वळले, "काय रं, कॉलरीला हात घालतोस?" तर सर म्हणतात, "न्हाय ओ, भांडायला न्हाय. सूत चांगलं हाय, पण धुतल्यावर आटणार. शिंप्याकडनं शिवण सोडून घ्या." बेळगाव येईपर्यंत दोघांची अशी गट्टी जमली की पुढं त्या गृहस्थांनी पोरीच्या लग्नाची पत्रिका सरांना घरी आणून दिली. ही गोष्ट मला सरांनीच सांगितली, आणि सांगताना माझ्या दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याचा काठ त्यांच्या बोटांत होता!

बेळगावच्या वडगावात आमच्या घरामागं लांबलचक शेड आहे. आमचे यंत्रमाग तिथं एका ओळीत चालायचे. आमचे हे, गल्ली त्यांना आप्पा म्हणते, त्यांचे गुडघे गेले, पोरं नोकरीला लागली, आणि माग विकून टाकले. आवाज बंद झाल्यावर मला कितीतरी दिवस झोप लागत नव्हती. अशात एक दिवस सर दारात उभे. किडकिडीत माणूस, केस पांढरे, खिशाला शिंप्याचा टेप लटकलेला. "आक्का, तुमची शेड जरा आतनं बघू द्या." टेप सोडत सोडत शेवटच्या भिंतीला पोचले आणि तिथनंच ओरडले, "मावतोय! पंख मावतोय!"

मला वाटलं, हा माणूस काही मोर-बिर पाळणार. मग चहा पिता पिता त्यांनी सांगितलं. ते विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकवायचे. त्यांनी आणि त्यांच्या वर्गातल्या मुलांनी मिळून एक ग्लायडर आखला होता. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान, नुसतं वाऱ्यावर तरंगणारं, एका माणसापुरतं. विद्यापीठाच्या वर्कशॉपात पंख मावत नव्हता.

"इंजिन न्हाय," आप्पा म्हणाले. "मग पत्रा तरी असंल?"

"पत्रा न्हाय. काचेचं कापड, आत फोम, आणि रेझिन. दोघं मिळून उचलतील एवढं हलकं."

"अवो सर, मग वाऱ्यानं उडून जाईल की!"

"आप्पा," सर हात जोडून म्हणाले, "तेवढ्यासाठीच तर चाललाय सगळा खटाटोप!"

त्या दिवसापासून गल्लीनं त्यांचं नाव विमानवाले सर ठेवलं.

काचेचं कापड मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रेशीमच वाटलं. पांढरंशुभ्र, झळाळतं, हातातनं निसटणारं. पण त्याचे बारीक तंतू अंगाला लागले की दिवसभर खाज. ते कापड साच्यावर पसरायचं आणि वर रेझिन लावायचं. रेझिन म्हणजे मधासारखा चिकट पदार्थ. त्यात दुसऱ्या डब्यातलं औषध मिसळलं की थोड्या वेळात त्याचा दगड होतो. तेवढ्या वेळात सगळं उरकायचं. मध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तिथं पंख कच्चा. कापड सरळ न ठेवता एक थर तिरका ठेवायचे. त्याला सर शिंप्याच्या भाषेत 'उरेब' म्हणायचे. त्यांचे वडील निपाणीत शिंपी. सर वडिलांच्या मशीनखाली चिंध्यांत खेळत वाढलेले. मुलांना ते वर्गातली भाषा बोलायचे, आकडे सांगायचे, पण मध्येच म्हणायचे, "आमचे बाबा झंपर उरेब कापायचे, ते अंगाबरोबर वळायचं आन् फाटायचं न्हाय. पंखाला तरी दुसरं काय पायजे?"

आणि सगळ्यात जास्त वेळा म्हणायचे ते एकच, "बोटाला विचार की!" कुणी मुलानं विचारलं, सर, इथं थर नीट बसला का? की उत्तर हेच. स्वतः ओल्या कापडावरनं तळवा फिरवायचे, डोळे मिटून. बुडबुडा सापडला की असे खूश व्हायचे, जशी काही हरवलेली अंगठी सापडली.

आता इथंच सगळं बिघडलं म्हणायचं. हातमोज्यांची खोकी यायची. मुलं घालायची, सर घालायचे नाहीत. शिल्पा म्हणून कडोलीची एक मुलगी होती, सगळ्या मुलांची पुढारी. धीट, तोंडाची फटकळ. ती रोज म्हणायची, "सर, डब्यावर लिहिलंय, हात लावू नका म्हणून."

"लिहिणाऱ्यानं लिहिलं असंल गं. मोजे घालून कापड कळतंय व्हय?"

त्यावर आप्पांनी शेडच्या दारातल्या खुर्चीवरनं मान डोलवायची. "बराबर हाय. मागावर कोण मोजे घालून बसलंय का आजवर?" म्हणजे बघा, एक शिंप्याचा पोर आणि एक विणकर, दोघांचं एकमत! हयातभर ज्यांनी कापड बोटानं ओळखलं, त्यांना हे कापड वेगळं आहे हे कोण पटवणार? शिल्पा पाय आपटत आत जायची. माझ्याकडं बघून म्हणायची, "आक्का, तुम्ही तरी सांगा." पण मला सरांचा हात फिरताना बघायला आवडायचं. आमचे सासरे मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, बघताना असाच हात फिरवायचे.

आधी सरांच्या बोटांच्या बेचक्यात लाल झालं. मग मनगटावर फोड. सर पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला लागले, भर उन्हाळ्यात. मी विचारलं तर म्हणाले, "घामोळं हाय." गल्लीतल्या बायका एकेक औषध सांगून गेल्या. कुणी कडुनिंबाचा पाला उकळून दिला, कुणी खोबरेल तेल, कुणी म्हणालं दृष्ट लागली, एवढं मोठं विमान सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बांधतात का कुणी. सरांनी पाला लावला, तेल लावलं, दृष्टसुद्धा काढून घेतली. एक मोजे तेवढे घातले नाहीत.

एक दिवस सकाळी काम चालू असताना शिल्पा ओरडत आली, "आक्का, सरांना बघा!" सरांचं तोंड सुजून ओळखू येईना. डोळे मिटलेले. छातीत शिट्टी वाजल्यासारखा श्वास. रिक्षा बोलावली, मी आणि शिल्पानं दोन्ही बाजूंनी धरून दवाखान्यात नेलं. सलाईन, इंजेक्शन सगळं झालं. संध्याकाळी डोळे उघडले तेव्हा पहिला प्रश्न, "थर वाळला का?"

डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी समजावून सांगितलं की हे रेझिन काही जणांच्या शरीराला हळूहळू नकोसं होत जातं. शरीरानं एकदा त्याला वैरी ठरवलं की मग थेंबभरही चालत नाही. पुढच्या वेळी श्वासच बंद होऊ शकतो.

"मोजे घातले तर?" सर म्हणाले.

"सुरुवातीपासून घालायला हवे होते. आता वासालासुद्धा जायचं नाही. घासताना उडणारी धूळही नको."

"किती दिवस?"

डॉक्टरांनी सरांच्या हातावर नुसता हात ठेवला. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

तेव्हा एक पंख झाला होता. दुसरा अर्धा. शेपटी साच्यात. आणि सरांची निवृत्ती जवळ आली होती. म्हणजे ह्या मुलांच्या हातनं ह्या वर्षी झालं तर झालं, नाहीतर नाही.

तेव्हापासून सर उंबऱ्याबाहेर. आमच्या शेडच्या दारासमोर, गल्लीच्या पलीकडं शेजाऱ्यांचा कट्टा आहे. तिथं बसायचे. वारा कुणीकडनं येतो ते आधी बघायचे, आणि शेडकडनं यायला लागला की उठून आणखी लांब जायचे. आत शिल्पा एका मुलाला फोन धरायला लावायची, कॅमेरा कापडावर. सर कट्ट्यावरनं फोनमध्ये बघून सांगायचे. "डावीकडं सरक. आणखी. तिथं ब्रश लाव. न्हाय गं, दाबू नको, चोप."

पण फोनमध्ये बुडबुडा दिसतोय थोडाच! सर फोन डोळ्यांजवळ न्यायचे, लांब धरायचे, चष्मा पुसायचे. आणि त्यांचा उजवा हात, तो आपोआप स्वतःच्या मांडीवर फिरत असायचा, पँटीच्या कापडावर, पुढं मागं, पुढं मागं. मी भाजी निवडायच्या निमित्तानं त्यांच्या शेजारी जाऊन बसायची. एकदा म्हटलं, "सर, पोरं शाणी हायती. करतील."

"करतील ओ आक्का. माझ्यापेक्षा चांगलं करतील," सर म्हणाले. "तेच तर बसून बघवंना झालंय." आणि स्वतःच हसले.

पण एकदा नाही झालं. दुसऱ्या पंखाचा वरचा थर होता. त्या दिवशी गरम होत होतं फार. रेझिन भांड्यातच तापून घट्ट व्हायला लागलं. सर फोनवर ओरडत होते, "पसरट भांड्यात ओत! शिल्पा, ओत आधी!" आत गोंधळ, कुणाला ऐकू जाईना. सर उठले, गल्ली ओलांडून शेडच्या दारापर्यंत गेले. आमच्या ह्यांनी खुर्चीवरनं काठी आडवी धरली. "सर, न्हाय."

"आप्पा, दोन मिनिटं. नुसतं भांडं बदलून येतो."

"न्हाय म्हंजे न्हाय. मी दारात मरीन, पर तुम्हाला आत सोडणार न्हाय."

सर थांबले. काठी एवढी हलकी की माझ्या नातीनं ढकलली असती तरी बाजूला झाली असती. ते थांबले आणि तसेच मागं फिरले.

थर वाया गेला. सगळा खरवडून टाकावा लागला. थोड्या वेळानं शिल्पा बाहेर आली. ती फटकळ पोरगी, तिचं तोंड पार उतरलेलं. कपड्यांवर, हातांवर सगळं रेझिन. ती रडत सरळ सरांकडं निघाली, वडिलांकडं पोर जावं तशी. आणि सर उठून मागं मागं सरकायला लागले. पाठ भिंतीला लागली तेव्हा हात पुढं करून म्हणाले, "तिथंच थांब गं पोरी. जवळ येऊ नको. माझ्याजवळ येऊ नको."

ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. आपल्या हातांकडं बघितलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं. मग मीच उठले आणि तिला पोटाशी धरलं. त्या दिवशीचं माझं लुगडं ताठ झालं ते परत मऊ झालंच नाही. तिच्या डोक्यावरनं मी सरांकडं बघत होते. ते भिंतीला टेकून तिला सांगत होते, "अगं, माझा पहिला थर तर मी कुत्र्याच्या अंगावर सांडला होता. तू निदान भांड्यात तरी ठेवलास." ती रडता रडता हसली. सर हसले नाहीत.

पोरांनी पुन्हा केला थर. परीक्षा तोंडावर असताना, जेवणखाण आमच्याकडं करून. आणि ग्लायडर झाला. मी खोटं बोलणार नाही, शेडमधनं तो बाहेर काढला, पंख जोडले, तेव्हा आमची सगळी गल्ली कामं टाकून बघायला आली. आप्पा म्हणाले, "एवढं पांढरं आपल्याकडं कवा विणलं न्हाय."

निपाणीच्या पुढं एक उघडा माळ आहे, तिथं तो उडवायचा ठरला. परवानग्या, कागद सगळं विद्यापीठानं बघितलं. उडवणारा एक अनुभवी माणूस बाहेरनं आला होता. आम्ही दोघं नवरा-बायको जीपमधनं गेलो. सर आमच्या आधीच येऊन उभे होते, वारा येतो त्या बाजूला, सगळ्यांपासनं लांब. रंग, पॉलिश नवीन होतं, त्याचा वास जायचा होता. जवळ यायची त्यांना परवानगी नव्हती. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

ग्लायडरचा दोर जीपला बांधला. जीप पळाली. ग्लायडर माळावर खडखडत गेला, आणि मग खडखड थांबली. तेवढंच झालं बघा. खडखड थांबली आणि मला कळलं की तो जमिनीवर नाही. घराएवढा वर गेला असेल. दोर सुटला. काही आवाज नाही. एखादी गोष्ट एवढी मोठी असून एवढी गप्प असते हे मी तेव्हा बघितलं. सरांनी माझ्या पदराचा काठ धरला होता, त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. पोरं आरोळ्या मारत पळत होती. सर हळूच म्हणाले, "उरेब वळतंय बघा, आक्का. वळतंय."

उतरताना पंखाचं टोक एका दगडाला घासलं. तडा गेला. फार मोठा नाही, हातभर. उडवणाऱ्याला खरचटलंसुद्धा नाही. पण सगळी पोरं तड्याभोवती गोळा झाली आणि सवयीनं सगळ्यांनी माना वळवून सरांकडं बघितलं. सरांनी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एकमेकांत घट्ट धरले. तिथनंच सांगितलं, "काही न्हाय, शेडला नेऊ. भरून निघतंय."

भरून निघालं नाही. पोरांच्या परीक्षा झाल्या, कुणी बेंगळुरूला, कुणी पुण्याला लागलं. शिल्पा जाताना शेडमध्ये जाऊन पंखाजवळ बराच वेळ उभी होती. म्हणाली, "सुट्टी मिळाली की येऊन करते, आक्का." तिला सुट्टी मिळाली नाही, मी तिला दोष देत नाही. विद्यापीठातल्या नव्या मुलांना ड्रोन बनवायचे होते. त्यात चूक काय? सर निवृत्त झाले. तरी रविवारी यायचे, कट्ट्यावर बसायचे. शेडचं दार उघडून मी त्यांना तडा दाखवायची, लांबनं. ते चष्मा पुसून बघायचे.

एका रविवारी मी म्हटलं, "सर, तुम्ही बाहेरनं सांगा, मी लावते. कापड मला नवं न्हाय. उरेब मलाही कळतंय. मोजे घालीन."

सर माझ्याकडं बघतच राहिले. मला वाटलं, आता हो म्हणतील. त्यांच्या तोंडावर आलंही होतं. मग त्यांनी मान हलवली.

"न्हाय, आक्का. तुमच्या हातांनी अजून भाकरी थापायच्या हायती."

"एवढंसं तर हाय सर. हातभर."

"माझंबी एवढंसंच होतं ओ." असं म्हणून त्यांनी आपले तळवे उलटे करून मला दाखवले. सोलून नवी आलेली कातडी, गुलाबी, लहान बाळासारखी. पण बोटांची टोकं जाड, निबर झालेली. "आता ह्यांना काही विचारलं तरी सांगत न्हायती," म्हणाले.

परत तो विषय मी काढला नाही. काढून काय करणार होते?

शेवटी विद्यापीठानं ग्लायडर न्यायला ट्रक पाठवला. कुठंतरी नव्या इमारतीत टांगून ठेवणार म्हणाले, येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघायला. वाईट नाही तेही. सर आले होते. पलीकडच्या कट्ट्यावर, उभे. ट्रकवाली माणसं कानडी बोलणारी, कामाला वाघ, पण हे काय आहे त्यांना काय माहीत! पंख असा उचलला जसं कपाटाचं दार. सरांना कानडी चांगलं येतं, पण त्या दिवशी ते लांबनं नुसता हात वर करत होते. मग मीच दारात उभी राहून कानडीत ओरडायला लागले, "निधान! निधान! सावकाश रे बाबांनो, काच हाय ती!" एकानं मला मोडक्या मराठीत विचारलं, "काच? फुटतंय का अज्जी?" मी म्हटलं, "न्हाय फुटत. तरी निधान."

ट्रक गल्लीच्या टोकाला वळला. आप्पा काठी टेकत घरात गेले. मी शेड झाडायला घेतली. मागचं-पुढचं दोन्ही दार उघडं टाकलं, वारा आरपार, रेझिनचा वास कधीच गेलेला. आणि बघते तर सर गल्ली ओलांडून आलेले, उंबऱ्याशी थांबलेले.

"आक्का, आता आत यायला हरकत न्हाय न्हवं?"

मी केरसुणी बाजूला ठेवली. "या की सर."

ते आत आले. फरशीवर रेझिनचे थेंब पडून कडक झाले होते. दारात रांगोळी काढली असली की माणूस कसा पाय जपून टाकतो, तसे ते थेंब चुकवत चुकवत चालले. पंख जिथं असायचा तिथं थांबले. त्या महिन्यातच ते धारवाडला मुलीकडं कायमचे राहायला जाणार होते, हे त्यांनी मला आदल्या रविवारी सांगितलं होतं.

"चहा आत आणू?" मी विचारलं.

"आणा," म्हणाले.

मी चहा आणला, त्यांच्याजवळ खिडकीत ठेवला आणि घरात येऊन बसले. दुपार कलली. आप्पांनी दोनदा विचारलं, सर गेले का? मी म्हटलं, असू द्या, आत हायती.